आदिवासी विकास: खात्यात पैसे, हाताला काम, की गावातली पदं भरायची?

डोंगरवाट
४ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि आणखी काही आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. ती चित्रफीत आपण सगळ्यांनी पाहिली, पुढेही पाठवली. पण त्यांच्या मागण्या काय होत्या? एक होती धनगर समाजाला अनुसूचित जमातींत घेऊ नये ही. तिच्यात मतांचं गणित असल्यामुळे ती सगळ्यांना पाठ आहे. दुसरी मागणी पेसा भरतीची (पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा). हा धागा तिच्यासाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: राज्यात १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र, म्हणजे घटनेखाली जाहीर केलेला आदिवासीबहुल भाग आहे. राज्यपालांच्या अधिसूचनेप्रमाणे तिथली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, कृषी सहायक, वनरक्षक, परिचारिका अशी १७ संवर्गांतली पदं स्थानिक आदिवासींमधून भरायची. त्याला आव्हान मिळालं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि भरती अडकली. मुलं परीक्षा देऊन, निवड यादीत नाव येऊन घरी बसली. ऑगस्ट २०२४ मध्ये नाशिकला माजी आमदार जे. पी. गावितांच्या पुढाकाराने मोठं आंदोलन झालं. शेवटी सरकारने तोडगा काढला तो मानधनावरच्या तात्पुरत्या नेमणुकीचा.

माझं मत सांगतो. आपल्या आदिवासी धोरणावरची सगळी भांडणं ‘किती दिलं’ यावर अडकलीत. खावटी (पावसाळ्यातली मदत) द्या, खात्यात द्या, वस्तू द्या. ज्या गावात एका ग्रामसेवकाकडे तीन-तीन ग्रामपंचायती आहेत, शाळेत दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात आणि आरोग्य उपकेंद्राला कुलूप आहे, तिथे ही योजना पोचवणार कोण? ही पदं भरा, कायमची भरा आणि तिथल्याच मुलामुलींतून भरा. कल्याणही त्यातच आणि रोजगारही त्यातच. पटत नसेल तर का नाही ते लिहा.

मुक्काम_पोस्ट
+१. विषय चांगला काढलात. वाचतोय.

हिशेबनीस
पदं भरा हे मान्य. पण ‘किती दिलं’ हा प्रश्न बाजूला सारू नका, कारण दिलेलंही पुरतं पोचत नाही.

सुकथनकर समितीच्या शिफारशींनंतर १९९३-९४ पासून राज्याने आदिवासी उपयोजनेचा वेगळा नियतव्यय, म्हणजे आदिवासींसाठी राखलेला निधी, ठेवायला सुरुवात केली. योजनेच्या ९ टक्के रक्कम वेगळी काढायची, म्हणजे साधारण लोकसंख्येच्या प्रमाणात (२०११ च्या जनगणनेत राज्यात आदिवासी ९.४ टक्के आहेत). देशात तेव्हा हे नावाजलं गेलं. पुढे २०१५ पासून याच उपयोजनेतला ५ टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला, तोही उत्तम. आणि मग २०२५ मध्ये काय झालं? ‘लाडकी बहीण’साठी याच खात्यातून ३३५ कोटींच्या वर रक्कम वळवली गेली. सरकारचं म्हणणं असं की योजनेत आदिवासी बहिणीही आहेत, तेव्हा पैसा त्यांनाच जातो. मला हे पटत नाही. आदिवासी बाई राज्याची नागरिक म्हणून त्या योजनेला पात्र आहे. तिचे दीड हजार तिच्याच पोराच्या आश्रमशाळेच्या पैशातून द्यायचे हा कुठला न्याय?

डोंगरवाट, तुमच्या कायम पदांचा पगार याच थैलीतून यायचा आहे, हेही ध्यानात घ्या.

परखड
थोडं कटू बोलतो. १९७२ पासून आदिवासी विकास महामंडळ आहे, स्वतंत्र खातं आहे, ७ टक्के आरक्षण आहे, फुकट धान्य आहे. आणखी किती पिढ्या हे चालायचं? माझ्या ओळखीचे बागायतदार सांगतात, आता मजूर मिळत नाहीत, कारण घरबसल्या सगळं मिळतं. काम करायची सवय मोडली की ती पदं भरून तरी काय होणार?

सातपुडा
@परखड, घरबसल्या? दिवाळी झाली की अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर या आणि कोण घरी बसलंय ते बघा. म्हातारी माणसं आणि शेळ्या राहतात. बाकी सगळे ट्रकमध्ये बसून गुजरातच्या उसात. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, कारण तेव्हा घरात दाणा नसतो. घेतलेली उचल फेडण्यातच हंगाम संपतो. सुरगाणा-पेठची माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला जातात, पालघरची वीटभट्टीवर. तुमच्या बागायतदार मित्रांना मजूर मिळत नाहीत ते मजुरीच्या दरामुळे. सवयीचा त्यात काही संबंध नाही.

आता रोजगार हमीचं सांगतो. मी काही वर्षं आमच्या भागात ग्रामरोजगार सेवक होतो. हजेरी मोबाइलच्या अ‍ॅपवर घेणं सुरू झालं आणि २०२३ च्या सुरुवातीपासून ते सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा फोटो काढायचा, सकाळी एक आणि दुपारी एक. बांधाचं काम नाल्यात, तिथे रेंज नाही. फोटो काढायचा, मग टेकडीवर जायचं, वर चढल्यावर एक दांडी दिसते, फोन उंच धरून थांबायचं, गोल फिरत राहतं आणि शेवटी ‘पुन्हा प्रयत्न करा’. दुसरा फोटो गेला नाही तर बाईने दिवसभर माती उचललेली असूनही त्या दिवशी खाडा. संध्याकाळी ती माझ्या दारात. तिला काय सांगायचं? कायद्यात १५ दिवसांत मजुरी देणं बंधनकारक, काम मागून १५ दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता. भत्ता मिळालेला एकही माणूस मला आमच्या गटात भेटला नाही. लोकांनी काम मागणं सोडलं ते यामुळे. उसाचा मुकादम निदान रोख उचल हातावर ठेवतो.

जुने_खोडरबर
सातपुडा यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

रोजगार हमी ही मुळात महाराष्ट्राचीच देणगी. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला हा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदारांनी व्यवसाय कर भरून खेड्यातल्या मजुरीचा खर्च उचलायचा, ही त्यामागची कल्पना. देशाचा कायदा त्यानंतर, २००५ मध्ये झाला. म्हणजे @परखड, ‘काम द्या, फुकट नको’ हे तुमचं म्हणणं या राज्याने पन्नास वर्षांपूर्वीच कायद्यात लिहून ठेवलंय. ते नीट राबवा एवढीच आदिवासींचीही मागणी आहे.

कलम_२४४
मी वकिली करतो, म्हणून मूळ मुद्द्याच्या कायदेशीर बाजूवर लिहितो. डोंगरवाट यांच्या पहिल्या पोस्टमध्ये ती थोडी हलकी झालीय.

२२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आंध्र प्रदेशच्या प्रकरणात निकाल दिला. तिथे अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांत शिक्षकांची सगळी पदं आदिवासींसाठी राखून ठेवली होती. पीठाने शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली (अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराची तरतूद) राज्यपालांना अधिकार आहेत, पण ते मूलभूत हक्कांच्या वर नाहीत, असं सांगितलं. आधी झालेल्या नेमणुका अटीवर वाचवल्या आणि आंध्र व तेलंगणावर पाच लाखांचा खर्च बसवला. महाराष्ट्रातल्या पेसा भरतीला आव्हान देणाऱ्यांचा सगळा भर या निकालावर आहे. आपल्या अधिसूचनेची रचना वेगळी आहे हा युक्तिवाद करता येतो, करायलाही हवा. पण ‘सरकारची इच्छा नाही म्हणून अडलंय’ इतकं ते सोपं नाही. अनुसूचित क्षेत्रात बिगरआदिवासीही पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांच्या मुलांनी अर्ज कुठे करायचा हा त्यांचा प्रश्न खोटा नाही.

मला त्या निकालातली एक गोष्ट खटकते. पाचवी अनुसूची आलीच मुळी या भागाला साधा नियम लागू पडत नाही म्हणून. आणि तिचा अर्थ लावताना मोजमाप मात्र साध्या नियमाचं.

रानहळद
मी परिचारिका. मोखाडा-जव्हार भागात नोकरीची बरीच वर्षं काढली. मूळची सातारा जिल्ह्यातली. त्यामुळे ‘फक्त स्थानिक’ या शब्दांशी माझं पटत नाही. भाषा शिकता येते, माणसं जोडता येतात. मी दोन्ही केलं. माझ्या हाताखाली जन्मलेली पोरं आता शाळेत जातात.

पण डोंगरवाट म्हणतात ते दुसऱ्या अंगाने खरं आहे. माझ्या बरोबर आलेल्यांपैकी बहुतेकींनी पहिल्या संधीला बदली करून घेतली. मी त्यांना दोष देत नाही. लहान मूल, नवरा दुसऱ्या जिल्ह्यात, पावसाळ्यात ओहोळाला पाणी आलं की पाडा तुटतो. बदली झाली की पद रिकामं, आणि दोन उपकेंद्रांचा भार एकीवर. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत मुलं दगावली तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला, मंत्री आले, योजना आल्या. योजना कागदावर आजही आहेत. घरी जाऊन बाळाचं वजन करायला माणूस लागतो, आणि तो पुढच्या महिन्यातही तिथेच असावा लागतो.

आमच्याकडे एक वारली मुलगी आली, शेजारच्याच पाड्यातली, कंत्राटी. पावसात कुठल्या वाटेने जायचं ते तिला विचारावं लागत नसे. कुठल्या घरात सासू बाळंतिणीला दवाखान्यात जाऊ देणार नाही हे तिला आधीच ठाऊक. ती सासूशीच बोलायची, सुनेशी नाही, आणि सासू तयार झाली की मला फोन करायची. तिचं मानधन कित्येक महिने थकलं. शेवटी ती ठाण्याला एका खासगी दवाखान्यात लागली. स्थानिक माणूस मिळूनसुद्धा टिकला नाही. म्हणून माझं म्हणणं, भांडण स्थानिक की बाहेरचा यापेक्षा कायम की कंत्राटी यावर हवं.

मुक्काम_पोस्ट
@रानहळद, तुमच्यासारख्यांना सलाम.

वसतिगृह_खोली
मी आदिवासी विभागाच्या वसतिगृहात राहून शिकलो. रोख की वस्तू या प्रश्नावर आमचा अनुभव थोडा वेगळा आहे.

एप्रिल २०१८ मध्ये सरकारने ठरवलं की शहरी वसतिगृहांतली खानावळ बंद करायची आणि जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकायचे. कागदावर छान दिसतं: मुलांना स्वातंत्र्य, ठेकेदार बाद. आम्ही विरोध केला. त्या जुलैत पुण्याहून नाशिकला पायी मोर्चा निघाला, तो सिन्नर तालुक्यात पोलिसांनी अडवला. विरोधाचं कारण साधं होतं. पैसे वेळेवर येत नाहीत. मेसवाला एक महिना थांबतो, दुसऱ्या महिन्यात ताट बंद करतो. घरी फोन करून मागावं तर घरचे उसात. आणि खात्यात आलेले पैसे कित्येकदा घरच्या दुखण्याला जातात, ते मुलाला नाही म्हणता येत नाही. खानावळीचं जेवण वाईट होतं, आमटीत डाळ शोधावी लागायची. तरी दोन वेळा मिळायचं. वाईट जेवणावरचा उपाय चांगलं जेवण हा होता.

याच्या उलट खावटी. ती १९७८ पासून पावसाळ्यातल्या कर्जाच्या रूपात होती, २०१३-१४ नंतर बंद पडली. कोरोनात २०२० मध्ये अनुदान म्हणून परत आली: कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे खात्यात आणि निम्म्याच्या वस्तू. रोख आधी पोचली. मटकी, डाळी, तेल, मिरचीपूड अशा वस्तूंचं वाटप २०२१ पर्यंत रेंगाळलं. तिथे सगळे पैसे खात्यात टाकले असते तर लोकांनी टाळेबंदीतच डाळ आणली असती. तेव्हा ‘रोख चांगली’ किंवा ‘वस्तू चांगली’ असा सरसकट नियम करू नका. ज्याला मिळणार त्याला विचारा. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

दक्षिणवारा
मी ऑस्ट्रेलियात डार्विनला राहतो. वसतिगृह_खोली यांचं शेवटचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं, कारण इथल्या मूलनिवासींच्या बाबतीत नेमकं हेच घडलं.

१९७७ मध्ये इथे एक योजना आली. दुर्गम वस्त्यांतल्या लोकांना बेकार भत्ता एकेकट्याला न देता तेवढी रक्कम वस्तीच्या संस्थेला द्यायची, आणि संस्थेने लोकांना काम व मजुरी द्यायची. काम काय ते वस्तीने ठरवायचं: रस्ते, कुंपण, राखणदारी, कलाकेंद्र. एका टप्प्यावर जवळपास ३५,००० लोक त्यात होते. टीकाकार म्हणायचे, ही खरी नोकरी नाही, यातून कुणी बाजारातल्या नोकरीकडे जात नाही. २००७ पासून ती गुंडाळायला सुरुवात झाली, २०१५ पर्यंत संपली. तिच्या जागी आलेल्या योजनेत भत्त्यासाठी आठवड्याला २५ तास हजेरी, पाचही दिवस, आणि चुकली की भत्ता कापला. शहरातल्या बेकारांवर इतकी कडक अट नव्हती. दंड सगळ्यात जास्त मूलनिवासींनाच बसले. शेवटी २०२१ मध्ये सक्ती काढावी लागली. सातपुडा यांनी लिहिलेला दुपारचा फोटो वाचताना मला ते २५ तास आठवले.

२००७ मध्येच उत्तर प्रांतात केंद्र सरकारने ‘हस्तक्षेप’ केला. मुलांवरच्या अत्याचारांचा अहवाल हे त्याचं निमित्त. लोकांचा निम्मा भत्ता बाजूला काढून फक्त ठरावीक वस्तूंसाठी वापरता येईल असा केला, पुढे त्याला हिरवं कार्ड आलं. त्यासाठी वंशभेदविरोधी कायदा तेवढ्यापुरता स्थगित केला होता. दुकानात म्हातारी बाई कार्ड पुढे करते, शिल्लक पुरत नाही असं यंत्र सांगतं, आणि ती एकेक वस्तू परत काढून ठेवते, मागे रांग. हे मी पाहिलंय. पैसा कुठे खर्च करायचा हे सरकारने ठरवून ना दारू थांबली, ना कुणाला काम लागलं.

आता २०२४ पासून दुर्गम भागात खऱ्या पगाराच्या, रजा आणि निवृत्तिवेतनासह नोकऱ्या निर्माण करणारी योजना सुरू झालीय, कामं पुन्हा वस्तीच्या संस्थेमार्फत. १९७७ ला जिथे होते तिथेच इतक्या वळणाने परत आले. महाराष्ट्राने ते वळण घेऊ नये.

परखड
ऑस्ट्रेलियाची माहिती चांगली. पण तिथे लोकसंख्या किती, आपली किती! आपल्याकडे एकट्या महाराष्ट्रात एक कोटीच्या वर आदिवासी. प्रत्येकाला सरकारी पद देता येणार नाही, हे तरी मान्य कराल? १७ संवर्ग भरले तरी काही हजार घरं सुटतील. बाकीच्यांचं काय?

विणकर_पेठ
पदांचा विषय निघालाय तर बोगस प्रमाणपत्रांवरही बोला. ६ जुलै २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की जमातीचा दावा अवैध ठरला तर नोकरी जाते. राज्यात अशी १२,५०० पदं अडवली गेल्याचा आकडा सरकारी कागदांतूनच आला. ती रिकामी करून खऱ्या आदिवासींना देण्याऐवजी डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने त्या कर्मचाऱ्यांना अधिसंख्य (त्यांच्यासाठी जादा निर्माण केलेल्या) पदांवर घेतलं, ११ महिन्यांसाठी, आणि ते चालूच राहिलं.

मी स्वतः नागपूरच्या कोष्टी घरातला आहे. आमच्या समाजात अनेकांनी हलबा या अनुसूचित जमातीचे म्हणून प्रमाणपत्र घेतलं, ते त्या काळच्या सरकारी अधिकाऱ्यांनीच दिलं होतं. २००० च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने हलबा-कोष्टी हे हलबा नाहीत असा निकाल दिला. आमच्या नात्यातल्या एका माणसाची नोकरी वीस वर्षांनी धोक्यात आली. त्याच्या घरातली भीती मी जवळून पाहिली. माणुसकीने त्याला सांभाळा, जरूर सांभाळा, पण त्याच्यासाठी गोंड किंवा कोलाम मुलाचं पद अडवू नका. आमच्यातल्या काहींना हे आवडणार नाही, तरी लिहितो.

डोंगरवाट
@विणकर_पेठ, हे लिहायला धैर्य लागतं. मनापासून आभार.

इंद्रावतीकाठ
भामरागडकडून. मी माडिया. वाचत होतो, आता लिहितो.

तुम्ही सगळे ‘आदिवासी’ म्हणता. राज्यात ४५ च्या आसपास जमाती आहेत. त्यातल्या तीन, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड, सरकारच्याच यादीत अतिमागास. पेसाच्या १७ संवर्गांतली पदं भरली तरी आमच्या वाट्याला किती येतील? परीक्षेचा अर्ज मोबाइलवर, केंद्र शंभर-दीडशे किलोमीटरवर, प्रश्न पुण्याच्या क्लासमध्ये शिकवतात तसे. १ ऑगस्ट २०२४ च्या निकालात अनुसूचित जाती-जमातींत उपवर्गीकरण (जास्त मागास गटांना वेगळा वाटा) करता येईल असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. आमच्या मोठ्या संघटनांनी विरोध केला, एकजूट फुटेल म्हणून. एकजूट मलाही हवी. पण एकजुटीत शेवटी कोण उभा आहे तेही बघा.

@परखड, ‘बाकीच्यांचं काय’ याचं उत्तर आमच्या जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. बांबू वाहतुकीचे परवाने वन खातं सोडायला तयार नव्हतं. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आज गडचिरोलीत अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात, मजुरी आणि बोनस ठरवतात. तिथे कुणी कुणाला अनुदान देत नाही. मुकादमही नाही. जंगल आमचं, काम आमचं, हिशेब सभेत वाचून दाखवायचा. ज्या वर्षी पानाचा भाव पडतो त्या वर्षी हाल होतात, ठेकेदार पैसे लांबवतो, तेही खरं. तरी पोरं बाहेर जायची थांबली.

सातपुडा
@इंद्रावतीकाठ, अगदी बरोबर. आमच्याकडे २०१८ च्या मार्चमध्ये नाशिक-मुंबई पायी मोर्चात जी माणसं रक्ताळलेल्या पायांनी चालली, त्यांची पहिली मागणी वनजमिनीच्या पट्ट्यांची होती. पट्टा असला की विहीर, पीककर्ज, रोजगार हमीतून बांध, सगळं मिळतं. पट्टा प्रलंबित असेल तर माणूस स्वतःच्या शेतात अतिक्रमणदार.

जुने_खोडरबर
धागा छान रंगलाय. पण मूळ प्रश्न मागे पडला. डोंगरवाट, तुम्ही अजून तुमच्या मतावर ठाम आहात का?

डोंगरवाट
ठाम आहे, आणि या प्रतिसादांनी ते मत आणखी पक्कं केलं. मेंढा (लेखा) गावाला जंगल मिळालं ते ग्रामसभा बळकट होती म्हणून. जिथे ती तशी नाही तिथे दाव्याचे कागद करायला, मोजणीला सोबत जायला, सभेचं इतिवृत्त लिहायला कोण आहे? ग्रामसेवक, तलाठी, वनरक्षक. सातपुडा यांच्या पाड्यावर बेकारी भत्त्याचा अर्ज नोंदवून घेणारा, रानहळद यांच्या उपकेंद्रात पुढच्या महिन्यातही भेटणारी, सगळी ही पदं. परखड म्हणतात काही हजार घरं सुटतील. मी पगार मिळणाऱ्या घरांबद्दल बोलतच नाही. त्या पदांवर अवलंबून असलेल्या गावांबद्दल बोलतोय.

आणि सरकार नेमकं उलट्या दिशेला चाललंय. आश्रमशाळांतले रोजंदारी शिक्षक आणि कर्मचारी कित्येक वर्षं तासिकेवर, रोजावर राबले. २०२५ मध्ये ती पदं बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदार कंपनीमार्फत भरायचं ठरलं. पावसाळ्यात ही माणसं बिऱ्हाड घेऊन नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर येऊन बसली. पोरांना पाचवीत वेगळा, सहावीत वेगळा मास्तर, आणि मास्तरला जूनमध्ये आपण असू की नाही याची खात्री नाही. हे धोरण कोणत्याही पक्षाने केलं तरी मी विरोध करणार.

कलम_२४४
न्यायालयाचा निकाल येईपर्यंत करता येण्यासारखी एक गोष्ट सांगतो. शंभर टक्क्यांचा वाद बाजूला ठेवूनही या क्षेत्रातली पदं रिकामी ठेवण्याचं कारण उरत नाही. स्थानिक भाषेच्या ज्ञानाला गुण, त्याच क्षेत्रात ठरावीक काळ सेवेची अट, बदलीवर बंधन, अशा तरतुदींना आधार मिळू शकतो. ग्रामसभांनीही पेसाखाली आपल्या गावातल्या रिकाम्या पदांची यादी ठरावात घेऊन जिल्हा परिषदेला पाठवावी, पोच घ्यावी. न्यायालयात आकड्यांचा उपयोग होतो, भाषणांचा होत नाही.

रानहळद
भाषेला गुण आणि बदलीवर बंधन, दोन्हीला माझा पाठिंबा. त्याबरोबर राहायला धड खोली आणि वेळेवर पगारही लिहा. बंधन घालून रिकाम्या पोटी कुणी राहत नाही.

परखड
बंधन + वेळेवर पगार + हजेरी तपासणी, एवढं असेल तर माझा विरोध नाही. लाड मात्र नकोत, हे मत कायम.

इंद्रावतीकाठ
@कलम_२४४, रिकाम्या पदांच्या ठरावाचा मराठी मसुदा इथे टाकाल का? आमच्या इलाक्यातल्या ग्रामसभांची बैठक येत्या पंधरवड्यात आहे. माडियात समजावून सांगायचं काम मी करतो.

कलम_२४४
उद्या रात्रीपर्यंत टाकतो. गावाचं नाव, संवर्ग, पद कधीपासून रिकामं आणि सध्या कार्यभार कुणाकडे, असे चार रकाने ठेवतो. आणखी काही हवं असेल तर कळवा.